एक टक्क्याचा आडोसा

अंटार्क्टिकाच्या समुद्रातून क्रिल उपसणाऱ्या कंपन्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: आम्ही जेमतेम एक टक्का घेतो. आकडा खरा आहे. 2019 च्या सर्वेक्षणात अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण अटलांटिक पट्ट्यात 6 कोटी 26 लाख टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. तिथून वर्षाला 6 लाख 20 हजार टनांहून जास्त काढता येत नाही. भागाकार करून बघा, एक टक्कासुद्धा पुरता भरत नाही. इतक्या खऱ्या आकड्याच्या आधाराने इतकी मोठी दिशाभूल क्वचितच होते.

कारण बोटी काही सगळ्या पट्ट्यात सारख्या विखरून मासेमारी करत नाहीत. राज्यातल्या धरणांत मिळून साठ टक्के पाणी आहे, या बातमीने माणदेशातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. तिच्या गावाला पाणी देणारा तलाव कोणता आणि त्यात आज किती आहे, एवढंच तिला विचारायचं असतं. क्रिलबाबतही प्रश्न तोच आहे. कुठून काढलं? कोणत्या महिन्यात काढलं? त्या जागी त्या महिन्यात आणखी कोण जेवायला आलं होतं?

क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, फार तर सहा सेंटिमीटर लांबीचा आणि वजनाला दोन ग्रॅमच्या आतला जीव. पाच-सहा वर्षं जगतो. त्याची पिल्लं पहिला हिवाळा समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या खालच्या अंगाला उगवणारं शेवाळ खरवडून काढतात. पेंग्विन, सील, कितीतरी मासे आणि देवमासे यांचं पोट या एका जिवावर भरतं. माणसाचं भरत नाही. माणूस त्याची पेंड करून पिंजऱ्यात वाढवलेल्या सामन माशांना घालतो, तेल काढून ओमेगा-3 च्या कॅप्सूलमध्ये भरतो आणि उरलंसुरलं पाळीव प्राण्यांच्या खाद्यात मिसळतो. हे नीट लक्षात घ्या. इथे कोणाची भूक भागवण्याचा प्रश्न नाही. जगात क्रिल मिळालं नाही म्हणून उपाशी राहणारा माणूस नाही.

आता जागा बघू. अंटार्क्टिकाचं एक लांब टोक दक्षिण अमेरिकेच्या दिशेने वर आलेलं आहे, त्याला अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणतात. त्याच्या कुशीत ब्रान्सफिल्ड आणि जेर्लाश नावाच्या दोन सामुद्रधुनी आहेत. मार्च उजाडला की तिथला उन्हाळा संपतो आणि उघड्या समुद्रावरचं क्रिल किनाऱ्यालगतच्या खोल खाड्यांत शिरू लागतं. त्याच्यामागून हंपबॅक देवमासे येतात. पुढचे काही महिने ते उत्तरेला कोलंबिया, पनामाच्या उबदार पाण्यात वीण आणि बाळंतपणासाठी जाणार असतात आणि तिकडे त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. सगळी शिदोरी इथेच बांधून घ्यायची. 2009 च्या मे महिन्यात या भागातल्या विल्हेल्मिना उपसागरात शास्त्रज्ञांना एका वेळी तीनशेहून जास्त हंपबॅक दिसले, आणि त्यांच्या खाली क्रिलचा प्रचंड थवा. नुकतीच पिसं बदलून पहिल्यांदा समुद्रात उतरलेली पेंग्विनची पिल्लंही याच सुमारास, आईबापांच्या मदतीवाचून, स्वतःचं अन्न शोधायला शिकत असतात.

आणि याच खाड्यांत, याच महिन्यांत बोटी येतात.

बोट हा शब्द इथे तोकडा आहे. हे तरंगते कारखाने आहेत, काही तर शंभर मीटरहून लांब. क्रिल मेलं की त्याच्याच पोटातली पाचक द्रव्यं काही तासांत त्याचं मांस विरघळवू लागतात, म्हणून किनाऱ्यावर नेऊन प्रक्रिया करायला सवडच नसते. सगळं जहाजावर, ताबडतोब. नवी पद्धत तर अशी की जाळं वर ओढायचंच नाही. ते पाण्यातच ठेवायचं, त्याच्या शेपटाला मोठी नळी जोडायची आणि क्रिल अखंड वर खेचत राहायचं, रात्रंदिवस. सोनारच्या पडद्यावर दाट थवा दिसला की जहाज तिकडे वळतं. देवमासाही दाट थव्याकडेच वळतो, कारण विरळ क्रिलसाठी तोंड उघडून झेप घेणं त्याच्या एवढ्या मोठ्या देहाला परवडत नाही. एकाच ताटात दोघांचे हात, आणि त्यातला एक हात यंत्राचा. 2021 पासून काही तरुण हंपबॅक या जाळ्यांत सापडून मेल्याच्या नोंदी आहेत.

एक टक्क्याचा हिशेब हे काही सांगत नाही. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण शेटलंड बेटांवरच्या पेंग्विनांच्या तीस वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी आणि आसपासच्या क्रिल मासेमारीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. 2020 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. संपूर्ण पट्ट्याच्या मानाने उपसा किरकोळ असला, तरी एखाद्या छोट्या भागातल्या साठ्याच्या मानाने तो वाढला की तिथल्या पेंग्विनांची कामगिरी खालावते. पिल्लं, वजन, तग धरणं या सगळ्या मोजमापांत. शंका घ्यायला विज्ञानात नेहमी जागा असते आणि मासेमारी कंपन्यांनी ती घेतलीही. पण ज्या धोक्याचा पुरावा अंगावर आला आहे, तो सिद्ध होईस्तोवर जाळी चालूच ठेवायची, हा कुठला न्याय?

या धोक्याची जाण नियम करणाऱ्यांना नव्हती असं नाही, आणि तेच जास्त खुपतं. अंटार्क्टिकाच्या समुद्री जीवांसाठीचा करार 1980 मध्ये कॅनबेरात झाला, 1982 मध्ये लागू झाला. त्याचा आयोग टास्मानियातल्या होबार्टला बसतो. सव्वीस देश आणि युरोपीय संघ सभासद आहेत, भारतही आहे. माशांचा कोटा ठरवताना त्या माशावर जगणाऱ्या इतर जीवांचाही विचार झाला पाहिजे, हे कराराच्या मजकुरात लिहून ठेवणारा हा जगातला पहिला मोठा करार. क्रिलसाठी तर नियम आणखी कडक. उपसा करूनही अंडी घालणाऱ्या क्रिलचा साठा मूळच्या पाऊण पटीच्या आसपास राहिला पाहिजे, कारण त्यातला वाटा देवमाशांचा आणि पेंग्विनांचा आहे.

2009 मध्ये आयोगाने एक शहाणपणाची गोष्ट केली. 6 लाख 20 हजार टन एकाच ठिकाणाहून उपसले जाऊ नयेत म्हणून पट्ट्याचे चार भाग धरून प्रत्येकाला वेगळी मर्यादा घातली. द्वीपकल्पाच्या भागाला मिळाले 1 लाख 55 हजार टन. तेवढे भरले की तो भाग बंद, जहाजांनी दुसरीकडे जायचं. नियम साधा होता. वर्षामागून वर्ष हा भाग हंगाम संपण्याआधीच बंद करावा लागे. जहाजांना नेमकं कुठे जायचं असतं ते यावरून कळतं.

2024 च्या ऑक्टोबरात होबार्टची बैठक बसली तेव्हा या नियमाची मुदत संपत आली होती. त्याच्या जागी जास्त बारीक, जास्त शास्त्रशुद्ध वाटणी आणायची आणि तिच्या जोडीला चिली आणि अर्जेंटिनाने सुचवलेलं संरक्षित क्षेत्र आणायचं, असं गाठोडं बांधलं जात होतं. गाठोड्यावर एकमत झालं नाही. मग जुनाच नियम एका वर्षासाठी वाढवावा, तर त्यावरही झालं नाही. एकूण 6 लाख 20 हजारांची मर्यादा राहिली, वाटणी गेली.

पुढच्याच हंगामात काय व्हायचं ते झालं. 2025 च्या जूनअखेरपर्यंत द्वीपकल्पाच्या भागातला उपसा त्याच्या आदल्या संपूर्ण हंगामाहून सुमारे 60 टक्क्यांनी जास्त झाला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला एकूण मर्यादा भरली आणि इतिहासात पहिल्यांदा ही मासेमारी मुदतीआधी, सगळीच्या सगळी, बंद करावी लागली. हंगाम खरं तर नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. 2025 च्या ऑक्टोबरात देश पुन्हा होबार्टला जमले. वाटणीचा नियम त्यांनी परत आणला नाही.

मर्यादेत राहून बंद झाली, म्हणजे व्यवस्था चालते, असा यावर युक्तिवाद होतो. तर या 6 लाख 20 हजारांचं मूळ बघा. हा आकडा अमुक इतकं काढलं तर देवमाशांना पुरेल असं मोजून आलेला नाही. 1991 पूर्वी, मुख्यतः सोव्हिएत जहाजांच्या काळात, प्रत्येक भागातून एखाद्या वर्षी जास्तीत जास्त जेवढं काढलं गेलं होतं, त्यांची बेरीज करून तो आला. कोणत्याच एका वर्षी एवढं क्रिल निघालेलं नव्हतं. नेमकं शास्त्र तयार होईपर्यंतचा तात्पुरता थांबा म्हणून तो ठेवला होता, आणि भागवार वाटणी हा त्या थांब्याचा अर्धा प्राण होता. तो अर्धा काढून घेतल्यावर उरलेल्या अर्ध्याला सुरक्षित म्हणणं चुकीचं आहे. शिवाय एक टक्का ज्याचा काढता, ती बेरीज 2019 ची आहे. 2023 मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाने नीचांक गाठला. ज्या बर्फाखाली क्रिलची पिल्लं वाढतात, तोच कमी होत असताना 2019 चा छेद 2026 ला लावून चालणार नाही.

दोष कोणाचा? क्रिलच्या एकूण उपशापैकी सुमारे दोन तृतीयांश नॉर्वेची जहाजं काढतात. त्यानंतर चीन, मग दक्षिण कोरिया, चिली, युक्रेन. नॉर्वे एकीकडे अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या संरक्षणाची भाषा करतो, दुसरीकडे क्रिलच्या बाजारात सगळ्यात मोठा तोच. कंपन्यांनी स्वतःहून पेंग्विनांच्या वस्त्यांभोवतीचा काही भाग विणीच्या काळात टाळायचं ठरवलं आहे. ते चांगलंच आहे, मी ते मोडीत काढत नाही. पण स्वखुशीने दिलेला शब्द स्वखुशीने मागेही घेता येतो, आणि ज्या कंपनीने तो दिलाच नाही तिला तो बांधत नाही.

संरक्षित क्षेत्रांच्या बाबतीत मात्र बोट कोणाकडे दाखवायचं हे स्पष्ट आहे. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्प, तिन्ही प्रस्ताव वर्षानुवर्षं चीन आणि रशियाने अडवून धरलेत. आयोगात निर्णय मतमोजणीने होत नाही, सगळ्यांची संमती लागते. एकाने मान हलवली नाही की सगळं ठप्प. त्यांचं म्हणणं, करारात संवर्धनाच्या व्याख्येतच समंजस वापर येतो. येतो, खरं आहे. पण त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय की दोन-तीन दशकांत भरून येणार नाहीत असे बदल समुद्रात घडू देऊ नयेत. कलमाचं एक वाक्य वाचायचं आणि दुसरं सोडायचं, याला समंजस कसं म्हणणार?

दोन-तीन दशकं ही मुदत करार करणाऱ्यांनी उगाच लिहिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट होतं. 1969-70 च्या हंगामात सोव्हिएत जहाजांनी तिथून मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा सुमारे 4 लाख टन काढला. पुढच्या वर्षी हाताला लागला त्याच्या चौथाईएवढा. त्यानंतर साठाच कोसळला. त्या माशाच्या मासेमारीवर आयोगाने बंदी घातली 1985 मध्ये. बैल गेला नि झोपा केला. क्रिलबाबत झोपा आधीच केलेला होता, तो आता आपण हाताने मोडला, याचा मला संताप येतो.

आणि हाच आयोग हेही दाखवून देतो की मनात आणलं तर ध्रुवीय समुद्रातली मासेमारी नीट करता येते. नव्वदीच्या दशकात दक्षिण जॉर्जियाभोवती टूथफिश नावाच्या माशासाठी लाँगलाइन टाकायचे. हजारो गळ बांधलेला, कित्येक किलोमीटर लांबीचा दोर जहाजाच्या मागून पाण्यात सोडायचा. तो बुडण्याआधी काही क्षण आमिष पाण्याच्या वर तरंगतं, आणि तेवढ्यात अल्बाट्रॉस झडप घालतो. गळ चोचीत अडकतो, दोर खाली जातो, पक्षी त्याच्याबरोबर बुडून मरतो. त्याची सगळ्यात मोठी जात तीन मीटरहून जास्त पंखविस्ताराची, दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालणारी. अशा जिवाला हजारोंनी मरणं झेपत नाही.

यावर उपाय शोधले ते कोणी मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे. दोर रात्री सोडा, अंधारात अल्बाट्रॉस फारसे भक्ष्य शोधत नाहीत. दोराला वजनं बांधा, म्हणजे तो झटकन बुडेल. मागे रंगीत फिती फडकत ठेवा, पक्षी बिचकतात. माशांची आतडी समुद्रात टाकू नका, कारण तीच पक्ष्यांना जहाजामागे ओढतात. आणि दक्षिण जॉर्जियात मासेमारी हिवाळ्यात न्या, बहुतेक पक्षी तेव्हा घरट्यांवर नसतात. जहाजावर निरीक्षक बसवला. काही वर्षांत तिथल्या परवानाधारक बोटींवर पक्ष्यांचे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. यातल्या दोन गोष्टी सरळ सरळ कधी याच्याच आहेत. टूथफिश काढणं कोणी थांबवलं नाही, वेळ आणि पद्धत बदलली.

चोरट्या बोटींचंही तसंच. 2000 पासून प्रत्येक टूथफिशच्या मालाला कागदपत्र लागतं. कोणत्या जहाजाने, कुठे पकडला, कुठे उतरवला. कागद नसेल तर सभासद देशाच्या बंदरात तो विकता येत नाही. 2014 च्या डिसेंबरात 'थंडर' नावाची चोरटी बोट दिसली तेव्हा सी शेफर्ड या स्वयंसेवी संघटनेच्या 'बॉब बार्कर' जहाजाने तिचा 110 दिवस पाठलाग केला. शेवटी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, साओ टोमेपाशी, ती बोट बुडाली आणि तिच्या कप्तानाला तिथल्या न्यायालयाने शिक्षा दिली. कायदा जिथे पोचत नाही तिथे स्वयंसेवकांना जवळजवळ चार महिने समुद्रावर काढावे लागले, हेही खरं. पण कागदाच्या सक्तीने चोरांचा बाजार आक्रसला, हे त्याहून मोठं खरं.

अंटार्क्टिकाच्याच रॉस समुद्राचंही उदाहरण आहे. तिथलं संरक्षित क्षेत्र 15 लाख 50 हजार चौरस किलोमीटरचं. चीनने 2015 मध्ये विरोध सोडला, रशियाने 2016 मध्ये, आणि डिसेंबर 2017 पासून ते लागू झालं. म्हणजे हे दोन देश कधीच हलत नाहीत, ही सबब टिकत नाही.

उत्तरेकडे तर त्यांनी याहून मोठं पाऊल उचललं. 2018 मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसातला दहा पक्षांनी करार केला. आर्क्टिकच्या मध्यभागी, कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणाऱ्या 28 लाख चौरस किलोमीटर समुद्रात, तिथलं शास्त्र कळेपर्यंत व्यापारी मासेमारी सुरूच करायची नाही. किमान सोळा वर्षं. 2021 पासून हा करार लागू आहे आणि त्यावर रशियाची सही आहे, चीनचीही आहे. हा धडा त्यांना बेरिंग समुद्राने दिला होता. तिथे अमेरिका आणि रशिया यांच्या हद्दींमध्ये उरलेल्या खुल्या पाण्यात अनेक देशांची जहाजं तुटून पडली, पोलॉक मासा ऐंशीच्या दशकाअखेर वर्षाला दहा लाख टनांहून जास्त निघाला आणि 1992 पर्यंत संपल्यातच जमा झाला. 1993 पासून तिथे मासेमारी थांबवली आहे. मासा आजवर परतलेला नाही.

आर्क्टिकला ज्यांनी आधी शास्त्र म्हटलं, ते अंटार्क्टिकाला आधी जाळी का म्हणतात? मला एकच उत्तर दिसतं. मध्य आर्क्टिकमध्ये अजून कोणाची जहाजं गुंतलेली नव्हती, कोणाचा पैसा अडकलेला नव्हता. क्रिलमध्ये तो अडकला आहे, आणि दर हंगामाला जास्त अडकतो आहे. नवीन जहाजं बांधली जात आहेत. आज 6 लाख 20 हजारांवर थांबवणं कठीण वाटत असेल, तर आणखी दहा जहाजं पाण्यात उतरल्यावर किती कठीण होईल?

आता आपलं. भारत या आयोगाचा मत असलेला सभासद आहे, आणि जिथे एकेका देशाची संमती लागते तिथे आपला शब्द नॉर्वेच्या किंवा चीनच्या शब्दाहून हलका नसतो. आपल्या बोटी तिथे क्रिल उपसत नाहीत, म्हणजे आपले हात बांधलेले नाहीत. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 1981 मध्ये गोव्याहून निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही गोव्यात, वास्कोला आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या संरक्षणाच्या प्रस्तावांना सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला. 2024 च्या मे महिन्यात अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक कोचीला भरवली. एवढं केल्यावर क्रिलच्या वाटणीवर गप्प बसणं शोभत नाही.

होबार्टला ऑक्टोबरमध्ये पुन्हा बैठक बसेल आणि 1 डिसेंबरला क्रिलचा नवा हंगाम उघडेल. त्या बैठकीत भारताच्या प्रतिनिधींनी 2009 ची भागवार वाटणी जशीच्या तशी परत आणण्याचा प्रस्ताव मांडावा, आणि तो एकटा मांडावा. संरक्षित क्षेत्राच्या गाठोड्यात तो बांधू नये, म्हणजे गाठोडं अडलं तरी वाटणी अडणार नाही. नवा, बारीक आराखडा तयार होईपर्यंत तिला मुदतच घालू नये. जो देश नकार देईल त्याने ब्रान्सफिल्ड आणि जेर्लाशच्या सामुद्रधुनीतलं एप्रिल-मे महिन्यातलं क्रिल एका बाजूला आणि आपल्या कॅप्सूल दुसऱ्या बाजूला ठेवून, नकाराचं कारण बैठकीच्या इतिवृत्तात लेखी द्यावं.